ओरडला तो बाहेर

मधे कोणी बोलू नका हं, एकदा तुटलं की मला पुन्हा जुळवता येत नाही. ओठ का फाटलाय, तेच सांगतेय.

तर आमची ताई. चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, बसवायची. गेलं वर्षभर रोज संध्याकाळी ध्यानाला. टायरच्या गोदामावर एक हॉल आहे, आधी तिथे जिम होती, म्हणून भिंतीभर आरसे, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी टाकल्यात. शिकवणारे 'सर'. हे सर पूर्वी पोहायला शिकवायचे. खांदे अजून तसेच दणकट आणि आवाज असा मऊ की वाटावं, हा माणूस डाससुद्धा मारत नसेल. तिथे डोळे मिटून बसायचं. काही ऐकू आलं तर मनात म्हणायचं, 'आलं, गेलं'. डोळे उघडायचे नाहीत. कोणी पेंगलं, पाठीतून वाकलं, की सर मागून येऊन खांद्यावर चपटी काठी हाणतात. त्याला मार म्हणायचं नाही, 'जाग' म्हणायचं. ताई घरी येऊन आईला सांगायची, "आज सरांनी मला जाग दिली," आणि चेहरा असा, जणू बक्षीसच मिळालंय. आणि सगळ्यात कडक नियम, जाग मिळाल्यावर ओरडायचं नाही. ओरडला तो बाहेर. कायमचा.

मागच्या महिन्यात ती जाग ताईच्या कानावर बसली. पडदा फाटला. सकाळी उशीवर रक्त. आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ. ताई काय म्हणाली असेल? "माझी मान हलली, चूक माझी." वर आणखी, "तू पोलिसात गेलीस तर मी या घरात पाय ठेवणार नाही." मग परवा तिने दुकान सोडलं. सोमवारपासून तिकडेच राहायला जाणार, बॅगही भरून तयार. आई माझ्या मागे लागली, "ढमे, तुझंच काय ते ऐकते ती. आण तिला परत."

म्हणून काल मी तिच्याबरोबर गेले. जिन्यात ताई म्हणाली, "गप्प बसशील ना?"

"मी कधी बोलते का?"

"ढमे."

"बरं, बसते."

समोरच्या रांगेत, आमच्याकडे तोंड करून शिंपीकाका बसले होते. म्हातारे, दिवसभर मशीनवर वाकलेले, ते पेंगणार नाहीत तर काय. डोळे मिटल्यावर थोड्याच वेळात सरांची अनवाणी पावलं ऐकू आली. फाट्. आलं, गेलं. पुन्हा फाट्. आणि तिसऱ्या वेळी फाट् नाही, कट् असा आवाज, पेन्सिल मोडावी तसा.

मी डोळे उघडले. काकांचा एक खांदा खाली लोंबत होता आणि शर्टाच्या आतून, गळ्यापाशी, हाड वर आलेलं दिसत होतं. तोंड सताड उघडं, लाळ गळतेय, पण आवाज नाही. आणि सरांनी काठी पुन्हा उचलली. "अजून झोप आहे," म्हणाले, त्याच मऊ आवाजात. आजूबाजूला सगळे डोळे मिटून मंद हसतायत. शेजारची बाई ओठ हलवत होती. आलं, गेलं.

माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, उठताना मी धडपडले आणि हातात काठीच आली. हिसकावली.

"बाळ, खाली बस," सर म्हणाले. "तुला राग येतोय. त्या रागाकडे नुसतं बघ."

मी बघितलं आणि हाणली. खांद्यावर. सरांनी दात आवळून एकदा हॉलभर नजर फिरवली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, ह्यांना ओरडता येत नाहीये. मग मी कोपरावर मारली, बोटांवर मारली, गुडघ्यावर मारली. त्यांनी माझे केस धरले आणि तोंड भिंतीवर आपटलं. चादरीमागचा आरसा फुटला, चादर लाल झाली, ती माझ्या ओठानं. आम्ही दोघं जमिनीवर लोळतोय, ते माझा गळा दाबतायत, मी चावतेय, आणि तोंडातून दोघांच्याही चकार शब्द नाही. हॉलला वाटतंय, आज कोणाला तरी भरपूर जाग मिळतेय. हेवा वाटत असेल मेल्यांना. शेवटी माझा हात सुटला आणि काठी त्यांच्या कानावर बसली. चपटी, पूर्ण.

"आई गं."

लहान पोर विव्हळतं ना, तसे सर विव्हळले. सगळ्यांचे डोळे उघडले.

पुढच्या रांगेतले दोघं माझ्यावर पडले. एकानं हात पिरगळला, दुसऱ्यानं बरगडीत लाथा घातल्या. अजून श्वास घेताना दुखतंय. आणि ताई उठली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही ओरडलात."

ते कान धरून बसलेले, बोटांतून रक्त. "माझी गोष्ट वेगळी आहे," म्हणाले.

"माझाही कान फाटला होता. मी नाही ओरडले." मग म्हणाली, "बाहेर जा."

कोणी हललं नाही. मग मागून एक बाई म्हणाली, "अगं, सरांना पाणी द्या आधी." लगेच चारपाच जण पाण्याला धावले. एकानं त्यांच्या पाठीला उशी दिली. काकांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही, ते तसेच मांडी घालून, खांदा लोंबतोय, तोंड उघडं. ताईनं हे सगळं बघितलं. एकेकाचं तोंड बघितलं तिनं. मग त्या लाथा मारणाऱ्याला बाजूला ढकललं, मला उठवलं, आणि आम्ही दोघींनी काकांना जिन्यावरून खाली आणलं.

टॅक्सीत काका आमच्या मध्ये. रस्ता असा की दर खड्ड्याला त्यांचं तोंड उघडतंय, डोळ्यांतून पाणी, आवाज शून्य.

"काका, ओरडा," ताई म्हणाली. "आता ओरडा, इथे कोणी नाही."

काकांनी मान हलवली. "नको. मी ओरडलो नाही ना गं मघाशी?"

आणि ताई ओरडली. काच खाली करून, बाहेर तोंड काढून, असं ओरडली की मला वाटलं हिचा दुसरा कानही फाटणार. थांबेचना. मी तिची पाठ चोळत होते, काकांनी चांगल्या हातानं तिचा हात धरला होता.

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, मागे वळून तिघांकडे बघितलं आणि विचारलं, "लागलंय कोणाला नक्की?"