देवयानीची सुटलेली कला

शिरीष इनामदारला चारचौघांत एक वाक्य बोलायची सवय होती. "देवयानी आर्टिस्ट आहे. माझ्यापायी ऑस्ट्रेलियात आली आणि तिची कला सुटली." पेंडल हिल या त्यांच्या उपनगरातल्या मित्रमंडळींना हे वाक्य पाठ झालं होतं. देवयानी अशा वेळी बहुधा आत कोणाला तरी पुऱ्या लाटायला मदत करत असायची. तिने कोल्हापूरला चित्रकलेचा डिप्लोमा केला होता हे खरं. आता ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिथे मजेत आहे असं ती म्हणाली की शिरीषला आणखीच गलबलून यायचं.

तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने याची भरपाई करायची ठरवली. साउथ कोस्टला, समुद्राकाठच्या एका गावात त्याने वीकेंडसाठी घर भाड्याने घेतलं. मालकीणबाई जोन बरीच वर्षं मेक्सिकोत राहून आल्या होत्या आणि तिकडच्यासारखंच घर त्यांनी इथे बांधलं होतं. अंगणात भडक गुलाबी भिंत, तिच्यापुढे निवडुंग, आत काच आणि काँक्रीट. एकही भिंत चित्रावाचून नव्हती. कोनाड्यांत तिकडचे मातीचे हसरे सांगाडे होते आणि बाथरूममध्येही एक शिल्प उभं होतं. शिरीषने बायकोला न सांगता डिकीत ईझल, कॅनव्हास आणि रंग टाकले.

जोन किल्ली द्यायला थांबल्या होत्या. "माझी बायको आर्टिस्ट आहे," शिरीषने दारातच सांगून टाकलं.

"मग मी काही दाखवत नाही," जोन हळुवारपणे देवयानीला म्हणाल्या. "घरच तुमच्याशी बोलेल."

"बेडरूम कुठली?" देवयानीने विचारलं.

ती जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठली. शिरीषने अंगणात ईझल मांडून ठेवलं होतं. "अरे वा, छान," ती म्हणाली, टोस्ट खाल्ला आणि परत जाऊन झोपली. शिरीषला वाटलं, भरून आलं असेल. कलावंताला वेळ द्यावा लागतो.

दुपारपर्यंत त्याने वेळ दिला. मग मात्र आणलेली वस्तू नुसती पडून आहे हे त्याच्यातल्या पुणेकराला बघवेना. रंग वाळले तर नाहीत ना, एवढंच बघायला त्याने एक ट्यूब उघडली. समोर गुलाबी भिंतीवर निवडुंगाची सावली तिरकी पडली होती. त्याने एक रेघ ओढली. ती पुसायला दुसरी ओढली. चहा निवला, फोन वाजून बंद झाला, ऊन भिंतीवरून उतरू लागलं.

"सावलीत काळा नको घालूस," मागून देवयानी म्हणाली. "निळा घाल."

त्याने निळा घातला आणि भिंत एकदम उजळली. "बघ," तो म्हणाला, "अजून आहे तुझ्यात."

देवयानीने खुर्ची ओढली. "शिरीष, ऐक. चित्रं मी ऑस्ट्रेलियामुळे नाही सोडली. कॉलेजातच कळलं होतं, माझा हात बरा आहे, पण मला चित्रातून काही सांगायचं नाहीये. सुटली तेव्हा हायसं वाटलं मला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"पुष्कळदा बोलले. दर वेळी तुझ्या डोळ्यांत पाणी. इतक्या मनापासून दुःख करत होतास, म्हटलं राहू दे."

शिरीषने ब्रश खाली ठेवला. रागवावं की माफी मागावी ते कळेना. इतकी वर्षं जपलेलं ते दुःख, आणि ते त्याचं एकट्याचंच निघालं होतं.

"मग वाढदिवसाला काय हवं होतं तुला?"

"झोप. मिळाली की. गादी फार सुंदर आहे."

रविवारी सकाळी जोन आल्या आणि ओल्या कॅनव्हासपुढे थबकल्या. त्यांनी देवयानीचा हात हातात घेतला. "तुमच्या अबोलपणावरूनच मी ओळखलं होतं. या निळ्या सावलीत घर सोडून आल्याची केवढी वेदना आहे."

"चित्र त्याचं आहे," देवयानी म्हणाली. "तो सॉफ्टवेअरमध्ये असतो."

जोननी चित्राकडे पुन्हा एकदा पाहिलं, मग शिरीषकडे. वेदना कुठे गेली कोण जाणे. "नो वरीज," त्या म्हणाल्या. "छंद असावा माणसाला." आणि त्या चादरी काढायला आत गेल्या.

परतीच्या वाटेवर शिरीषने गाडी हायवेला लावली. मग म्हणाला, "सावली बरी जमली होती ना पण?"

"सावली चांगली होती. भिंत वाकडी आहे."

आणखी थोडं अंतर गेल्यावर त्याने विचारलं, "लॅबमध्ये तू दिवसभर नेमकं काय करतेस गं?"

देवयानीने त्याच्याकडे वळून पाहिलं. खरंच विचारतोय अशी खात्री झाल्यावर ती सांगू लागली. काचपट्टीवर रंग चढवल्यावर पेशी कशा दिसू लागतात, मायक्रोस्कोपखाली एखादी पेशी बिनसलेली कशी ओळखायची, परवा डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं तिला कसं दिसलं. शिरीषला त्यातलं निम्मं कळत होतं. वाटेतलं वूलाँगाँग शहर मागे पडलं तरी तिचं सांगणं चालूच होतं.