गोजराबाईंचं बारसं

"स्वल्प थांबा, अक्का. डबा आत न्यायला बंदी आहे," संग्रहालयाचा पहारेकरी मंजुनाथ म्हणाला. मूळचा निपाणीकडचा, त्यामुळे मराठी बोलायचा.

"घुगऱ्या आहेत रे. त्यांच्याशिवाय बारसं होतं का?" अहल्याआत्याने डबा त्याच्याच हातात दिला आणि ती सरळ आत शिरली. मागून आम्ही, शहरातल्याच बनशंकरी भागातून आलेलं अख्खं घर. "फोटोला हात लावू नका," एवढंच मंजुनाथला म्हणता आलं.

आत्या वीज खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेली. भांडण तिच्या स्वभावात नाही. पण इंग्रजांनी इथल्या लोकांची मापं घेताना काढलेल्या, आता विलायतेहून आलेल्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात तिला तिची पणजी दिसली. तोच फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे, पण त्यात पणजीशेजारची मोजपट्टी चौकटीखाली दडवलेली. इथे पट्टी पूर्ण दिसत होती. खाली पाटीवर उंची होती, नाकाची लांबी होती आणि 'मराठा स्त्री, एक नमुना' असं लिहिलं होतं. नाव नव्हतं.

पाटीवर पणजीचं नाव घाला, असं आत्याने सांगून पाहिलं. प्रदर्शनाच्या प्रमुख निवेदिता मॅडम भल्या, पण नियमाच्या पक्क्या. "घरचा फोटो पुरावा होत नाही हो. जन्माचा दाखला आणा," म्हणाल्या. आत्या घरी येऊन रडली. माझं तर डोकंच फिरलं होतं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "नाक मोजताना इंग्रजांना दाखला लागला नाही. मी बारसं करते."

आमच्या घरातल्या प्रत्येक पोराचं नाव तिनेच त्याच्या कानात सांगितलंय. तशीच ती त्या दिवशीही चवड्यांवर उभी राहिली, फोटोतल्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्र" करून कुजबुजली. आम्ही रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. ते पाहून सहलीला आलेली शाळेची पोरं धावत आली. एकीने कन्नडमध्ये नाव विचारलं.

"गोजराबाई," आत्या मोठ्याने म्हणाली. पोरांनी ते नाव सगळ्या दालनात पोचवलं.

आवाज ऐकून निवेदिता मॅडम आल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. "एवढी माणसं कशाला जमवलीत?" त्यांनी विचारलं.

"बारशाला माणसं त्यासाठीच बोलावतात, मॅडम. नाव ठेवलं याला साक्षीदार नकोत?"

मॅडमनी मोजपट्टीकडे पाहिलं, खालची पाटी पुन्हा वाचली. मग मंजुनाथला म्हणाल्या, "ही पाटी काढा." आनंदाने मी आत्याच्या पाठीत आणखी एक बुक्का घातला.

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. नव्या पाटीवर नाव होतं, मापं नव्हती. फोटोपुढे गर्दी होती आणि मंजुनाथ सगळ्यांना हळू आवाजात सांगत होता, "जरा मागे सरा. बाईंना हात लावू नका."