खाल्लेल्या केकचे फोटो

दोष वडिलांचा. आधी तेवढं सांगून टाकतो, मग माझी ओळख. मी डिजिटल कॅमेरा बोलतोय. साबणाच्या वडीएवढा, पण जाड. अंगावर रुपेरी प्लॅस्टिक, पोटात चार पेन्सिल सेल. माझ्या जातीचे कॅमेरे नुकतेच बाजारात आले होते, तेव्हाचा मी.

वडिलांनी मला घेतलं ते मिरवायला. "रोल नको, धुणं नको, दाबलं की दिसलं!" त्यांच्या खिळे-कुलपांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. माझ्यासोबतचं माहितीपुस्तक मात्र त्यांनी पिशवीतून बाहेरही काढलं नाही. स्क्रीनवर काहीही आलं की ओके दाबायचं, एवढंच त्यांचं ज्ञान.

मला खरं वापरलं त्यांच्या मुलाने. शिक्षण अर्धवट सोडून तो बेकरीत केक सजवायचा. साखरेची पानं करायचा, तर त्यांच्या शिरासुद्धा दिसायच्या. पण केकचं आयुष्य ते केवढं? संध्याकाळी गिऱ्हाईक नेणार, रात्री फस्त. म्हणून केक खोक्यात जाण्याआधी तो फोटो काढून ठेवायचा. माझ्या फ्लॅशने क्रीम पांढरंफटक दिसायचं, तर फ्लॅशपुढे बटर पेपर धरायचा. माझ्या कार्डात फोटो मावायचे मोजकेच. त्यातले सुमार पुसून तो चांगले तेवढे राखायचा.

"बाबा, दुसरं कार्ड घेऊया ना."

"खाल्लेल्या केकचे फोटो काय चाटायचेत?"

एका मोठ्या हॉटेलच्या शेफनी त्याला सोमवारी बोलावलं होतं. येताना कामाचे फोटो आण, म्हणाले होते.

रविवारी थोरल्या काकांचा साठावा वाढदिवस. केक मुलानेच केलेला. तो प्लेटा आणायला आत गेला, आणि वडिलांनी मला उचललं. कार्ड भरलंय, असं मी स्क्रीनवर सांगितलं.

"अरे, काढ की! सुरी धरून हात अवघडला माझा," काका ओरडले.

"थांब रे दादा. मशीन आहे ते."

"पोराला विचार ना," आत्या म्हणाली.

"त्याला काय कळतंय? शाळा सोडलेला तो!"

चष्मा कपाळावर तसाच ठेवून त्यांनी बटणं चिवडली. मी विचारलं, सगळे फोटो पुसू? ओके. नक्की? ओके.

आणि मी पुसले. याचीच मला लाज वाटते. कोण सांगतंय ते मी बघितलं नाही, आणि बघणं हेच तर माझं काम. वर माझं बटण दाबल्यावर फोटो निघायला वेळ लागतो. तेवढ्यात केक कापून झाला. फोटोत आला तो काकांचा उघडा जबडा.

मुलाने मला हातात घेतलं. आधीचा फोटो, त्याआधीचा, असं बटण दाबत राहिला. प्रत्येक वेळी जबडाच.

"बाबा, माझे फोटो?"

"जागा केली. काका मोठे की केक?"

"मग उद्या काय दाखवू?"

"नवे कर. तेच काम ना तुझं?"

सगळे हसले. या घरात मोठ्यांच्या हातून काही चुकलं की सगळ्यांनी हसायचं, म्हणजे ती चूक राहत नाही. मुलगा हसला नाही, तर "केवढा हा राग!" म्हणून वर त्यालाच बोल.

सोमवारी तो गेला. "नुसत्या बोलण्यावर कसं घेऊ तुला?" शेफ म्हणाले.

आता मी एका खणात पडून आहे. सेल पाझरून पोटात हिरवट खार धरलाय. कुणाच्या हाती लागलो तर मला दुरुस्त करू नका. भंगारात द्या.

मुलाला ती नोकरी मिळाली नाही. त्याने केक करणं सोडलं. तो आता वडिलांच्या दुकानात खिळे तोलतो.