आवतणासाठी माइक

अनिलकुमारला कुणीही विचारलं, आईचं कसं काय, की त्याचं उत्तर ठरलेलं. "आवाज जाणार, आई राहणार." डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशातली गाठ चांगली नाही, आवाजाची पेटीच काढावी लागेल, पण वेळेवर काढली तर तुंगाबाई वाचतील. त्यातलं शेवटचं तेवढं अनिलकुमारनं घट्ट धरलं. माणसाचं असंच असतं बघा. डॉक्टर बोलतो खंडीभर आणि आपण आपल्या सोयीचं एक वाक्य उचलून घरी येतो.

पण त्या घरात तुंगाबाईंचा आवाज जाणं ही साधी गोष्ट नव्हती. साताऱ्याकडून कधीकाळी निघालेलं हे घराणं बंगळुरात इतकं मुरलं होतं की बोलण्यात 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' नि 'बरं'ऐवजी 'सरी', ताटात सारू-भात, आणि चिकपेटेतल्या लेस-बटणांच्या दुकानात दिवसभर कन्नड. सगळं सुटलं, एक आवतण तेवढं सुटलं नाही. घरात लग्न निघालं की मांडवाच्या दिवशी थोरली बाई पाटावर बसते आणि एकेकाला नाव घेऊन गाण्यात बोलावते. आधी देव, मग घरातली गेलेली माणसं. कुणी राहून गेलं तर ते रुसतं, आणि रुसलेलं माणूस भरल्या मांडवात काय करील याचा नेम नाही. थोरली जिवंत असताना धाकटीनं ते तोंडी घ्यायचं नाही, त्यामुळे सून भाग्यलक्ष्मीला शिकवण्याची सोय नव्हती. आणि तालीम म्हणून उगाच गायचंही नाही, कारण हाक मारली की ते निघतात.

अनिलकुमारच्या लेकीचं, रूपश्रीचं लग्न वैशाखातलं, आणि आईचं ऑपरेशन संक्रांत झाली की लगेच. घोडं तिथंच पेंड खात होतं.

तोडगा काढला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं. शुभंकर पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये होता, बनशंकरीतल्या त्या घरात राहून त्याला वर्ष झालं होतं. "काका, कॅसेटच्या भानगडीत पडू नका," तो म्हणाला. "तिच्यात सूं सूं येतं आणि दोन वर्षांत ती घासते. आपण डायरेक्ट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करू, सीडी काढू. माइक आणि साउंड कार्ड तेवढं क्वालिटीचं पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात."

तुंगाबाईंना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "आवाज माझाच असला तर चालेल. पण एकदाच म्हणेन, अनिल. चुकलं, राहिलं, परत म्हण, असलं काही सांगायचं नाही."

हे 'एकदाच' अनिलकुमारच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. मुळात गडी असा, की वीतभर लेस घ्यायची तरी घाऊक व्यापाऱ्याचं निम्मं दुकान खाली उतरवून घेईल. आता तर आईचा आवाज धरायचा होता. दुकान नोकरावर टाकून तो रोज एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मंजुनाथच्या दुकानी जायला लागला. मंजुनाथला काय, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं आधी ऑर्केस्ट्रावाले वापरतात तसला माइक दिला, तोंडाला लावून गायचा, दणकट, पडला तरी फुटत नाही असा.

तो घरी आणून कॉम्प्युटरला जोडला. आवतण तर गायचं नाही, मग चाचणीला तुंगाबाईंनी काय म्हणावं? त्यांनी हुळीपुडीची, म्हणजे सांबाराच्या मसाल्याची, कृती सांगितली. धणे किती, मेथी किती, मिरच्या ब्याडगीच घे, गुंटूर घेतलीस तर पोरं रडतील. ऐकताना शुभंकरला हसू फुटलं. अनिलकुमार मात्र कानाला हेडफोन दाबून बसला होता. त्याला शब्दांच्या खाली खरखर ऐकू येत होती, तवा खरवडावा तशी.

"माइक बोगस आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माइक परत गेला. मंजुनाथ म्हणाला, "सरी अण्णा, मग कंडेन्सर न्या. तो हातभर लांबून ऐकतो, श्वाससुद्धा सोडत नाही." पण त्या नाजूक माइकला स्वतःची वीज लागते आणि ती साउंड कार्ड देत नाही, म्हणून मधे एक छोटा मिक्सर घ्यावा लागला. तो सगळा संसार मांडून पुन्हा तुंगाबाईंना समोर बसवलं. या वेळी त्यांनी बिसीबेळे भात सांगितला, तोही निम्माच. खरखर गेली नाहीच, उलट आणखी जवळ आली.

मग साउंड कार्डावर खापर फुटलं. जुनं काढलं, नवं बसवलं. मग वायर बदलली. मग कुणीतरी म्हणालं अर्थिंग नसेल, तर वायरमन आणून अंगणात खड्डा खणून घेतला. भाग्यलक्ष्मी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, यंत्राकडे एवढं बघता, जरा आईंकडे पण बघा की. काल पाणी गिळताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या." अनिलकुमार तिच्यावर खेकसला. खेकसायचं कारण काहीच नव्हतं. तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं, म्हणून तो खेकसला.

आता तुंगाबाई कृतीसुद्धा सांगत नसत. "मीठ चवीपुरतं," एवढं म्हणत आणि उठत. अनिलकुमार तेवढंच पुन्हा पुन्हा ऐके. त्याला रात्री जेवण जाईना. घरात कसली तरी घाई भरून राहिली होती आणि सगळे हळू आवाजात बोलत होते.

शेवटी शुभंकरलाच राहवलं नाही. एका रविवारी सकाळी तो खाली आला आणि म्हणाला, "काका, एक काम करू. तुम्ही बोला." अनिलकुमार माइकसमोर बसला. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यानं आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि बसचा नंबर सांगितला. शुभंकरनं ते लावलं. आवाज आला तो धुतलेल्या काचेसारखा. खरखर नाही, घरघर नाही, काही नाही. मग त्यानं पहिल्या दिवसापासूनचं एकेक रेकॉर्डिंग, हुळीपुडीपासून 'मीठ चवीपुरतं'पर्यंत, ओळीनं लावलं. पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ दर वेळी बुटकी होत गेली होती.

शुभंकरनं बोट ठेवून ती उतरती रेघ दाखवली.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाचणारीचा पाय मोडला होता आणि हा शहाणा अंगण उकरत बसला होता. चांगला आवाज होता तेव्हा त्यानं माइक बदलला, बरा होता तेव्हा कार्ड बदललं, आणि आता सगळं सामान पहिल्या नंबरचं होतं तेव्हा आवाजाची चिपाडं उरली होती. ऑपरेशनची वाट बघायला तो आवाज थांबणार नव्हता. आणि आवाज इतक्या घाईनं चाललाय, तर बाकीचं तरी कशावरून थांबणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो तिथल्या तिथं दाबला.

"आज दुपारीच करू," तो आईला म्हणाला.

"मी तर कधीची तयार आहे," तुंगाबाई म्हणाल्या. आवाज कागद फाटावा तसा होता. "तुझंच सामान जुळत नव्हतं."

त्यांनी न्हाऊन इरकली नेसली, पाट मांडला, समई लावली, नारळ ठेवला. अनिलकुमारनं पंखा बंद केला, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला, खिडक्या लावल्या. शुभंकरला वर आणि भाग्यलक्ष्मीला नि रूपश्रीला शेजारी पाठवून दिलं, कारण तो माइक बांगडीसुद्धा ऐकत होता. तुंगाबाई बघत राहिल्या.

"सगळ्यांना घालवलंस? मग उत्तर कोण देणार?"

हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. आवतणात बाईनं हाक मारली की घरच्यांनी एकसुरात उत्तर द्यायचं असतं, देवी किंवा बाई असली तर 'आली', पुरुष असला तर 'आले'. उत्तर मिळेपर्यंत बाई पुढचं नाव घेत नाही. "तू जागा सोड ना आई," तो म्हणाला. "मांडवात सीडी लावली की तिथं आम्ही सगळे उत्तर देऊ. आत्ता आवाजात आवाज नको मिसळायला."

तुंगाबाईंनी मान डोलावली. सरी, म्हणाल्या. त्यानं हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

त्या गायला लागल्या आणि अनिलकुमारच्या अंगावर काटा आला. गळा फाटलेला होता, पण सूर जागेवर होता. "तुळजापूरच्या आई, मांडवाला यावं. वाट लांबची, घाईनं यावं." मग जागा सोडली. बंद खोलीत कुणी उत्तर दिलं नाही. हेडफोनमधून फक्त तुंगाबाईंचा श्वास येत होता, आत ओढताना अडखळणारा. कोल्हापूरची अंबाबाई, सौंदत्तीची यल्लम्मा, आणि मग आपल्या इथलीच बनशंकरी. तुळजापूरनंतर ज्या वाटेनं घराणं आलं त्याच वाटेनं हाका येत होत्या, आणि दर हाकेनंतर ती रिकामी जागा. खोली भरत चालली आहे आणि आपण कुणाला या बसा म्हणत नाही, असं त्याला वाटायला लागलं. त्याला भीती वाटली, चांगलीच भीती वाटली. समईची ज्योत मात्र सरळ उभी होती.

मग माणसं सुरू झाली. "सयाजी, मांडवाला यावं." अनिलकुमारचा पणजोबा. "उमाजी, मांडवाला यावं." आजोबा. मग आई थोडी थांबली आणि म्हणाली, "हणमंतराव, मांडवाला यावं." जन्मात कधी तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आवतणातच तेवढी मुभा होती. वडिलांचं नाव आईच्या तोंडून ऐकून अनिलकुमारचे डोळे भरले. शेवटचं नाव तेच होतं. झालं, सगळं धरलं, काही राहिलं नाही. त्यानं बटणाकडे हात नेला.

"तुंगाबाई," आई गायली, "मांडवाला यावं. नातीचं लग्न आहे, रुसून राहू नये."

त्याला वाटलं, दमली, चुकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती चुकलेली दिसत नव्हती. ती जागा सोडून बसली होती आणि सरळ त्याच्याकडे बघत होती. त्यानं हातानं खूण केली, पुढं म्हण, संपव. तिनं नाही म्हणून मान हलवली. पडद्यावरची रेघ आडवी पडून होती. देवांना चार क्षण मिळाले होते, या नावाला ती किती वेळ देणार होती कोण जाणे.

"आई, काय हे," तो कुजबुजला. "डॉक्टर म्हणालेत ना..."

"बाकीच्यांचं उत्तर मांडवात द्या," ती म्हणाली. आता सूर नव्हता, नुसती खरखर होती. "माझं आत्ता दे, बाळा. तेव्हा तुझ्यानं व्हायचं नाही."

दाराबाहेर कुणी नव्हतं. उत्तर द्यायला घरातलं दुसरं कुणी त्यानंच ठेवलं नव्हतं. बटण दाबून बंद करावं, हे नाव कापून टाकावं, शुभंकरला ते येतं, हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण आई पाटावर तशीच बसली होती, उत्तर मिळाल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं.

"आली," अनिलकुमार म्हणाला.

रेघ उंच उडाली आणि पुन्हा खाली बसली. तुंगाबाईंनी समाधानानं मान डोलावली, हळदीकुंकवाचं बोट नारळाला लावलं आणि उठण्यासाठी त्याच्यापुढे हात केला.