सहाव्या ठिकाणचं पाणी

धाकट्यानं वाळवंट पायी ओलांडायचं ठरवलं, तेव्हा ताईनं त्याला अडवलं नाही. तिनं एकच अट घातली: चालायचं त्यानं, बाकी सगळं ठरवायचं तिनं. एकोणीस वर्षं ती बस डेपोत वेळापत्रकं आखत होती, आणि ज्या गोष्टीचा तक्ता होऊ शकतो ती गोष्ट माणसाला मारू शकत नाही, अशी तिची जवळजवळ श्रद्धाच होती. तिच्याकडे असलेली एवढी एकच.

तीनशे चाळीस किलोमीटर, सतरा दिवस, वाटेत एकही विहीर नाही. दर दुसऱ्या संध्याकाळी तो जिथे पोचेल तिथे वीस लिटर पाण्याचा एक कॅन आणि शिध्याची एक पिशवी, अशी आठ ठिकाणं तिनं नकाशावर पक्की केली. सामान आधीच टाकून यायला आणि धाकटा पुढे गेला की मागून रिकामे कॅन उचलायला तिनं एक जीपवाला ठरवला. तो मुलूख त्याला तळहातासारखा ठाऊक होता आणि सगळे त्याला उस्ताद म्हणत. कॅनचं बूच आणि पिशवीचं तोंड एकाच तारेत ओवून तिनं त्यावर डेपोत डिझेलच्या टाक्यांना लावतात तसं शिशाचं सील ठोकलं. प्रत्येक सीलवर वेगळा आकडा होता, आणि क्रम मुद्दाम उलटसुलट लावलेला होता. ठिकाणी पोचल्यावर धाकट्यानं तार तोडायची आणि सॅटेलाइटवरून चार शब्द पाठवता येणाऱ्या यंत्रावर तो आकडा कळवायचा.

"कैदी सोडतेयस की भाऊ?" तो म्हणाला होता.

"कैद्याला निदान पाणी वेळेवर मिळतं," ती म्हणाली होती. "गप आकडा पाठव."

दुसऱ्या संध्याकाळी आकडा आला. बरोबर होता. त्यापाठोपाठ, 'पाणी गार. पोट टम्म.' तिसऱ्या दिवशी दुपारी, ती तक्त्यात पहिल्या ठिकाणापुढे खूण करत असताना उस्तादाचा जीपमधल्या सॅटेलाइट फोनवरून फोन आला.

"बाई, तुमचे भाऊ इथं थांबलेच नाहीत काय? कॅन भरलेला आहे. सील पण जागच्या जागी."

"तुम्ही भलत्या ठिकाणी गेला असाल."

"मीच ठेवलाय कॅन, मीच भलत्या ठिकाणी कसा जाईन?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. मग जरा थांबून, "पावलं आहेत त्यांची. बसल्याची खूण आहे. कॅन दोन बोटं सरकलाय. पण भरलेला आहे."

तिनं फोटो मागवला. शिशावरचा आकडा स्वच्छ दिसत होता.

पुढचे सहा दिवस तिचं कामात लक्ष लागलं नाही. डेपोत ती उठे, खिडकीपाशी जाई, परत येऊन तोच तक्ता उघडे. दुसरा कॅन भरलेला परत आला; तिसराही. धाकट्याच्या पाठीवर दोन दिवसांपुरतंच पाणी मावत होतं, म्हणजे हिशेबानं तो एव्हाना कुठेतरी पडलेला असायला हवा होता, आणि तो तर रोज संध्याकाळी बरोबर अंतर कापून थट्टा करत होता. तिनं एकेक शंका काढून तपासली. उस्ताद लबाडी करतो म्हणावं, तर सील ठोकायचा चिमटा तिच्याच खणात होता. धाकटा आकडा नुसता वाचून पुढे जातो म्हणावं, तर मग तो पितो काय?

चौथ्या ठिकाणी तिनं त्याला विचारलं, 'पिशवीत वेगळं काय आहे?'

उत्तर आलं, 'लिंबाच्या गोळ्या. अकरा. बारावी तू खाल्लीस ना?'

भरताना तिनं खरंच एक तोंडात टाकली होती. दुसऱ्या दिवशी तिनं उस्तादाला फोनवर असतानाच चौथ्या पिशवीचं सील तोडायला लावलं. गोळ्या अकरा होत्या. पाकिटाला तिनं मारलेली गाठ तशीच होती.

तिनं रजा टाकली. "भावाकडे जाऊन येते," एवढंच आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्याला म्हणावं, जरा अंगावर मांस येऊ दे."

बाराव्या दिवशी दुपारी ती उस्तादाबरोबर सहाव्या ठिकाणी पोचली. कॅन होता तिथेच होता. उस्ताद दोनशे पावलांवर जीपच्या सावलीत बसला आणि ती कॅनशेजारी छत्री उघडून. उन्हात आवाज असा नव्हताच. चारच्या सुमारास क्षितिजावर एक काडी हलली, काडीचा माणूस झाला आणि माणसाचा धाकटा. तो काळवंडला होता, पण वाळला नव्हता. उलट गाल भरल्यासारखे वाटत होते.

तिला पाहून तो जागीच थांबला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. पाणी पी."

"अगं, नीट भेटू तर दे."

"आधी पी. माझ्यासमोर."

त्यानं तार तोडली. तीन मग पाणी त्यानं उभ्यानं घटाघटा प्यायलं. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना ती पाहत होती. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिनं स्वतःच्या पदरानं टिपलं आणि तो ओला लागतो की नाही हेही बोटांनी पाहिलं. मग त्यानं पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या भरून घेतल्या आणि शिधा बोजात टाकला. तिनं कॅन हलवला, तर तळाशी चार बोटंसुद्धा उरलं नव्हतं.

"झाली तपासणी, इन्स्पेक्टरबाई?"

"झाली," ती म्हणाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

तो गेल्यावर तिनं रिकामा कॅन उचलला, एका हातात, करंगळीनं उचलावा तसा, आणि जीपकडे निघाली. पन्नासेक पावलांवर तिनं हात बदलला. वाळूत चालण्याची सवय नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. शंभरावर तिनं दोन्ही हात लावले. दीडशेव्या पावलाला तिनं कॅन खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा बुचातून आणि शिध्याच्या भरल्या पिशवीतून ओवलेली तार ताठ होती आणि शिशावर आकडा होता, त्या जागेचाच.

उस्ताद जवळ आला. तो काही बोलेल म्हणून ती थांबली.

"मी पण पाहिलं, बाई," तो हळू म्हणाला. "प्यायले ते. तीन मग."

तिनं आपल्याजवळच्या तसल्याच यंत्रावर लिहिलं, 'परत फिर.' उत्तर लगेच आलं, 'का? भरपूर आहे. मजेत आहे.' तिनं पुन्हा लिहिलं. मग उत्तर आलं नाही.

"तो गेला त्या टेकाडांवर जीप चढायची नाही. वळसा घालून सातव्या ठिकाणी आधी पोचायचं," ती म्हणाली. "त्याला गाडीत घालायचं आणि दवाखान्यात न्यायचं. ऐकलं नाही तर हातपाय बांधून."

"बांधू," उस्ताद म्हणाला आणि त्यानं जीप सुरू केली.

ऊन कलत चाललं होतं. थोडा वेळ गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही पण घ्या दोन घोट. सकाळपासून उन्हात आहात."

"दोन बाटल्या संपवल्या मी," ती म्हणाली. तिला पहिलीची कोमट चवही आठवत होती, आणि दुसरी तिनं छत्रीखाली बसून एका दमात संपवली होती.

उस्तादानं तिच्या पायांपाशी पाहिलं. मग तिनंही पाहिलं. दोन्ही बाटल्या आडव्या पडल्या होत्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, झाकणांखालची प्लॅस्टिकची कडी न तुटलेली. तिनं जीभ ओठांवरून फिरवली. ओठ ओले होते.

उस्तादाच्या सीटमागे त्याचा मोठा जार पट्ट्यानं बांधलेला होता आणि त्याची नळी खांद्यावरून पुढे आली होती. गाडी चालवता चालवता तो दिवसभर तिच्यातून पीत आला होता, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. आता त्यानं नळी तोंडाकडे नेली आणि तशीच सोडून दिली.

"बाई," तो समोर बघत म्हणाला, "मागं वळून जरा जार बघता?"

ती वळली नाही. "अर्धा तरी संपला असेल," ती म्हणाली. "डुचमळताना ऐकू येईल."

त्यानं मान हलवली. पुढे दगडांचा पट्टा लागला. त्यानं वेग कमी केला नाही. जीप आदळू लागली, मागे फावडं खडखडलं, जॅक पत्र्यावर आपटत राहिला, पान्हे एकमेकांवर वाजले; आणि त्या सगळ्या गलक्यात दोघंही श्वास रोखून पाण्याचा आवाज ऐकायला थांबली होती. जार भक्कमपणे, काठोकाठ, गप्प होता.