गार इंजिनाचं ऐकणं

"गार गाडी चालू केलीस की लगेच दामटू नकोस. आधी ऐक. एकदा तापली की तीही चारचौघांत बसल्यासारखी गप्प होते." हे रोज सांगायचे आणि मी नुसती मान हलवायची. जप पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे.

हे गेले, नेम राहिला. भांडी घासून व्हायची, कपडे वाळायचे. कोणी केलं ते मलाच आठवायचं नाही.

आवाज मात्र कानावर यायचा. सकाळी गाडी चालू केली की टक् टक् टक्, मग हळूहळू विरून जायचा.

"इंजिन संपलंय, वहिनी," धाकटे दीर म्हणाले. "गिऱ्हाईक आहे तोवर विकून टाकू."

"आधी मिस्त्रींना दाखवू, भावजी."

कारण ह्यांनी सासूबाईंना शब्द दिला होता, डोंगरापलीकडे मावशीकडे तुला मी स्वतः नेईन. मावशी अंथरुणाला खिळलेल्या, आणि सासूबाईंना बस सोसत नाही. हे गेल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. भरलेली पिशवी तेवढी पलंगाखाली तशीच होती.

दोनदा गॅरेजला नेली. मिस्त्रींनी कान लावला, काही नाही. "ताई, ही माझ्यासमोर नव्या सुनेसारखी वागते. घरी तोंड सोडत असेल." भावजी हसले. मीही हसले असेन.

पुन्हा न्यायच्या दिवशी जपाला बसले होते, तर दारात गाडी चालू झाली. भावजी होते. वहिनीला खोळंबा नको म्हणून गॅरेजच्या दिवशी ते आधीच गाडी तापवून ठेवत. पहिल्या दोन खेपांना माझं लक्षच नव्हतं. टक् टक् येऊन विरलं. मणी सरकत राहिले.

जप झाल्यावर मी किल्ली मागून घेतली. "उद्या कोणी हात लावायचा नाही. मिस्त्रींनाच इथे बोलावते, गार असतानाच ऐकू दे त्यांना."

"अहो, मी मदतच करत होतो."

"माहीत आहे."

मिस्त्री आले तेव्हा माळ माझ्या हातातच होती.

"कुठून वाजतं, ताई?"

"त्या आत्ता बोलायच्या नाहीत," भावजी म्हणाले.

"बरं झालं. मालक बोलत सुटले की मला गाडी ऐकू येत नाही."

मी किल्ली फिरवली. टक् टक् टक्. मिस्त्रींनी रबरी नळीचं एक टोक कानात धरलं, दुसरं इंजिनावरून फिरवू लागले. मी उतरून मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. नळी तिथे थांबली.

"ही बघा काजळी. धुराच्या नळीचा जोड आहे, त्याचं पॅकिंग गेलंय. गार असताना फटीतून फुंकर मारते. लोखंड तापून फुगलं की फट बुजते."

"आणि इंजिन?" भावजींनी विचारलं.

"त्याला काही धाड भरलेली नाही. तुमच्याआधी म्हातारं होत नाही ते."

आनंद व्हायला हवा होता, एवढं मला कळलं. मी आत जाऊन उरलेला जप केला.

त्याच दिवशी पॅकिंग बदलून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी चालू केली आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. एकसारखी घरघर, बाकी काही नाही. मग घरात जाऊन पलंगाखालची पिशवी ओढली. सासूबाईंनी पाहिलं. उशाचा चष्मा लावला आणि चपला शोधू लागल्या.

त्यांना पुढे बसवलं, पिशवी मागे ठेवली. जप अजून व्हायचा होता. तो मनात सुरू केला आणि गाडी हलकेच रस्त्याला घेतली.