नकार देणारी मुलं

घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. एकदा ऑफिसात तिच्या दादाचा फोन चुकून स्पीकरवर लागला आणि तेच नाव तिथेही चिकटलं. कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅमर होती. त्यांचा गेम कॉलेजच्या बास्केटबॉलचा. खेळणारा माणूस कॉलेजचा कोच होतो, संघ खेळवतो, आणि दरवर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून नवे खेळाडू मिळवतो. मुलं अर्थातच खोटी. नाव, उंची, चेहरा, खेळ, सगळं कॉम्प्युटरने जुळवलेलं. या भरतीचं काम धाकटीकडे होतं आणि लोक नेमक्या त्याच भागाला नावं ठेवत होते.

तक्रार रास्त होती. जो मुलगा हवा त्याच्यावर दर आठवड्याला गुण ओतायचे. त्याच्या नावापुढची पट्टी भरली की मुलगा आपला. कॉलेज मोठं असलं की पट्टी झरझर भरायची. एकाने लिहिलं होतं, 'तुमच्याकडे मुलं येत नाहीत, पिशवीत घालून आणावी लागतात.'

मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, हे वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "धाकटे, पिशवी बंद कर," त्या म्हणाल्या. "कशी ते तू बघ."

धाकटीने कामाला सुरुवात केली. घरापासूनचं अंतर घातलं, अभ्यासाचे विषय घातले, पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल का तेही घातलं. मग हे सगळं तपासायला तिने एक खरा मुलगा आत सोडला. ज्याचं उत्तर तिला ठाऊक होतं असा. तिचा दादा.

दादा सतराव्या वर्षी दारात मावत नव्हता. चार कॉलेजांनी त्याला बोलावलं होतं. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या कॉलेजचा कोच स्वतः घरी येऊन बसला, तेव्हा बाबांनी आजूबाजूच्या झाडून सगळ्या घरांत ती बातमी पोचवली. आणि दादाने निवडलं सगळ्यांत छोटं कॉलेज, जिथल्या हॉलच्या छताचे पोपडे खेळाडूंच्या डोक्यावर पडायचे. बाबांनी कितीतरी दिवस अबोला धरला. का, असं विचारलं की दादा म्हणायचा, "आवडलं." पुढे काही नाही.

धाकटीने दादाची सगळी माहिती भरली. गेमने त्याला मोठ्या कॉलेजात धाडलं. तिने आकडे कमीजास्त केले. पुन्हा मोठं कॉलेज. काहीही करा, गेमचं आणि बाबांचं एकमत.

दादा आता दातांचा डॉक्टर होता. त्याची उंची बघूनच पेशंटचं तोंड उघडतं, असं तो स्वतःच सांगायचा. दुपारच्या सुटीत धाकटी त्याच्या दवाखान्यात जाऊन थडकली.

"दादा, तू त्या छोट्या कॉलेजात का गेलास?"

"आत्ता? इतक्या वर्षांनी?"

"गेम चुकतोय."

"मग बाबांना कामावर ठेवा. बिनपगारी येतील."

पण ती हलेना. तेव्हा दादाने हात धुतले आणि पेशंटच्या खुर्चीवर पाय पसरून बसला, कारण त्याला पुरेल अशी खुर्ची तेवढीच होती.

"मोठ्या कॉलेजने मला सामना बघायला बसवलं," तो म्हणाला. "एका पोराचा सोपा बॉल हुकला. हुकल्याबरोबर त्याने बेंचकडे बघितलं. कोचने त्याला बाहेर काढलं. दुसऱ्याचा हुकला, त्यानेही बेंचकडेच बघितलं. सगळ्यांच्या माना त्याच बाजूला वळलेल्या."

"आणि छोट्या कॉलेजात?"

"तिथे बॉल हुकला की सगळे बचावाला मागे पळत सुटायचे. कोणी कोणाकडे बघायचं नाही. एक पोरगा तर हुकतच होता, हुकतच होता, आणि पुढचा पास पुन्हा त्यालाच." दादाने स्वतःच्या पायांकडे बघितलं. "मी बाकावर बसलो होतो गं, पण माझे पाय खाली पळत होते."

ज्या गोष्टीवरून घरात एवढं महाभारत झालं, ती एवढीशी होती आणि एवढी मोठी होती.

"हे बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगायला शब्द नको का सापडायला? मला आत्ता सापडले, तू डोकं खाल्लंस तेव्हा."

ऑफिसला परत जाताना ती जिना चढली की लिफ्टने गेली, हे तिला नंतर आठवेना. गेममध्ये प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक सामन्याची नोंद आधीपासून होत होती. कोण हुकला, कोणाला कधी बाहेर काढलं, पुढचा पास कोणाला गेला, सगळं. फक्त ते त्या मुलांना दिसत नव्हतं. तिने ते दाखवायचं ठरवलं. प्रत्येक मुलगा काही सामने बघणार आणि आपल्या स्वभावाप्रमाणे मत बनवणार. कोणी कडक कोचवर खूश होणार, कोणी बिचकणार, कोणाला कशाचंच काही नसणार. लिहायला बसली तर काम अगदी थोडं निघालं.

तिने गेममधलं जग सुरू केलं. या वेळी दादा छोट्या कॉलेजात गेला. ती खुर्चीत मागे रेलली. एवढंच तर हवं होतं.

पण जग पुढे चालूच राहिलं. वर्षामागून वर्षं गेली. यादीच्या तळाशी एक कॉलेज होतं, कोणाच्या खिजगणतीत नसलेलं. त्याच्या कॉम्प्युटरी कोचला चुकलेल्या खेळाडूला बाहेर काढायची सवय नव्हती, इतकंच त्याचं वैशिष्ट्य. तिथे आधी साधी मुलं आली. संघ हरत राहिला. मग जरा बरी मुलं आली. आणि मग एका वर्षी, ज्याच्यामागे सगळी मोठी कॉलेजं लागली होती, त्या पहिल्या नंबरच्या मुलाने सगळ्यांना नकार देऊन हे कॉलेज निवडलं.

शेजारी बसणारा चित्रकार वाकून बघत होता. "हे तू लिहिलंस?"

"नाही."

"मग कोणी?"

तिला वाटलं, कुठेतरी चूक झाली. तिने सगळं उसकटून तपासलं. चूक नव्हती. त्या मुलाने त्या कॉलेजचा एक सामना बघितला होता. शेवटच्या क्षणी एका खेळाडूचा बॉल हुकून संघ हरला होता. मग मुलाने पुढचा सामनाही बघितला होता आणि त्यातला पहिलाच पास त्याच हुकलेल्या खेळाडूला गेला होता. हे दोन सामने त्याच्यासमोर ठेवा, असं कोणी सांगितलं नव्हतं. आपणच बांधलेल्या घराला आतून कोणीतरी कडी लावावी, तसं धाकटीला वाटलं.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. खूप वेळ त्या पडद्यावरच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हा तू काढलास?" त्यांनी चित्रकाराला हळूच विचारलं.

"चेहरा आपोआप जुळला, मॅडम. मी काढलेले फक्त कान."

कोणी हसलं नाही.

गेम बाजारात आला तेव्हा आधी शिव्या पडल्या. पैसे आम्ही मोजतो आणि नकार ही पोरं देतात, असं लोक म्हणाले. पण हळूहळू ते वेगळंच लिहू लागले. माझा अमुक मुलगा, माझा तमुक मुलगा, असं. नकार देणाऱ्यांबद्दलही.

एका रविवारी दादाने तो गेम घरी आणला. धाकटी शेजारी बसली. कोच झाल्यावर हा शांत माणूस पार बदलला. "अरे, डोळे आहेत का? चल, बाहेर ये!" ज्याचा हुकला त्याला लगेच बेंचवर. वर्ष संपलं. नव्या भरतीतल्या एका उंच, लांब हातांच्या मुलावर दादाचा जीव जडला होता. त्याचं उत्तर आलं: 'मी तुमचे सामने बघितले. मी येत नाही.'

दादाने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "हे वाक्य तुझं?"

"वाक्य माझं. पण ते तुला द्यायचं, हे त्याने ठरवलं."

दादाचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "तो गेला कुठे?"

"दुसऱ्या कॉलेजात."

"तिथे काय करतोय?"

धाकटीने गेम पुढच्या वर्षात नेऊन शोधून काढलं. मुलाचा सामना चालू होता. दादाच्या संघाशी त्याचा काही संबंध नव्हता आणि तो बघणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. तरी तो चालू होता.

"बघता येईल?"

तिने सामना पडद्यावर आणला. तो मुलगा लांब हात पसरून रिंगला लागून परतलेल्या बॉलसाठी उडत होता, पडत होता, उठत होता. दोघं भावंडं खांद्याला खांदा लावून बघत बसली. आतून वहिनीने जेवायला हाक मारली, ती दोघांनीही ऐकली नाही. मुलाचं कॉलेज एका बास्केटने हरलं. दादा तरीही टाळ्या वाजवत ताडकन उभा राहिला, आणि छताला टांगलेला दिवा त्याच्या डोक्याला लागून खोलीभर हेलकावे खाऊ लागला.